मागच्या जिन्यावरचा वाडगा

विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने माझ्या पिशवीतून वाडगा बाहेर काढला, उलटा करून पाहिला, त्यावर टिचकी मारली आणि पुन्हा आत ठेवला. पांढऱ्या इनॅमलचा, निळ्या काठाचा, एका बाजूला टवका उडून काळा पडलेला वाडगा. त्याला त्यात संशय घेण्यासारखं काही दिसलं नाही. केतकी मात्र संशयाने बघत होती. केतकी माझी मुलगी. आम्ही दोघी मॉरिसव्हिलहून शिकागोला एका लग्नाला निघालो होतो.

"आई, सीरियसली? यू पॅक्ड अ बोल?"

"डेव्हनवर जाऊ तेव्हा लागेल," मी म्हटलं.

"फॉर व्हॉट?"

आहेराच्या साड्या चुरगळतील अशी काळजी दाखवून मी विषय बदलला.

डेव्हन हा शिकागोतला देशी दुकानांचा रस्ता. तो आता ओळखूच येत नाही, असं म्हणायची आमच्या पिढीत पद्धत आहे. मला तर चांगला ओळखू आला. दुकानं वाढलीत, पाट्या मोठ्या झाल्यात, गाडी लावायला जागा तेव्हाही मिळत नव्हती आणि आताही नाही. दुकानाचं दार ढकललं की हिंग, अगरबत्ती आणि ओल्या लोकरी कोटांचा मिळून जो एक वास यायचा, त्यातला कोटांचा वास तेवढा कमी झालाय. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तूरडाळीसाठी बस पकडून यावं लागत नाही, एवढ्या एका कारणासाठी माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, जवळचं घर पसंत केलं होतं. तो इंजिनियरिंगमध्ये पीएचडी करत होता. मी अहमदनगरहून इतिहासात एमए करून आलेली, आणि इथे पुन्हा इतिहासच शिकायला बसलेली. त्या काळी भेटणाऱ्या प्रत्येक काकांना हे समजावून सांगावं लागायचं. "हिस्ट्री? अमेरिकेत येऊन?" ते विचारायचे आणि सहानुभूतीने श्रीकांतकडे बघायचे.

त्यांना माझा विषय सांगितला असता तर त्यांनी ताट बाजूला सारलं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये, तिथल्या मोठ्या दुष्काळात, खेडोपाडी गरिबांना मदत कशी वाटली जायची, हा माझा विषय होता. मी निवडलेला नव्हता. प्रोफेसरांकडे त्या काळच्या मदत समित्यांच्या कारभाराची मायक्रोफिल्म येऊन पडली होती आणि ती वाचायला कुणी तयार नव्हतं. मी दुष्काळी जिल्ह्यातली, मला चालेल, असं त्यांना वाटलं असावं.

घर विटांचं, दोन मजली. खाली एक बिऱ्हाड, वर आम्ही. मालक लांब कुठे तरी राहायचा. पुढचा जिना पाहुण्यांचा आणि पोस्टमनचा. खरं जगणं मागच्या बाजूला, राखाडी रंगाच्या लाकडी जिन्यावर चालायचं. कचरा तिथून खाली जायचा, वाळलेले कपडे तिथून वर यायचे, उन्हाळ्यात आम्ही त्याच्या पायऱ्यांवर बसून कलिंगड खायचो. पाऊल पडलं की प्रत्येक पायरी वेगळी वाजायची. कोण आलं ते न बघताच कळायचं.

खालच्या बिऱ्हाडात एकटी नोरा राहायची. नवरा रेल्वेत होता, तो कधीच वारलेला, मूलबाळ नाही. आयर्लंडमधून पोरवयात आलेली आणि अजूनही शब्द गिळून बोलणारी. आपसांत आम्ही तिला नोराबाई म्हणायचो. तिच्या स्वयंपाकघरातून कोबी उकडल्याचा आणि भाजक्या पिठाचा वास वर यायचा. आमच्या फोडणीचा वास खाली जात असणार, पण त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही.

आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने हा वाडगा वर आणून दिला. त्यात फडक्यात गुंडाळलेला सोडा घातलेला पाव होता, गरम, वरून सुरीने फुलीसारखी चीर दिलेला. पाव आम्ही तिथेच उभ्या उभ्या संपवला. मग मी वाडगा घासला, त्यात रव्याचे लाडू घातले आणि खाली नेऊन दिला.

नोराबाईचा चेहरा पडला. "मी तुला भेट दिली होती, पोरी," ती म्हणाली. "तू फेड का करतेस?"

"फेड नाही. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत."

"का?"

का ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आईला विचारलं असतं तर तिने "देत नाहीत म्हणजे देत नाहीत" असं सांगितलं असतं, तेच मी शक्य तितक्या इंग्रजीत सांगितलं. नोराबाईने लाडवाचा वास घेतला, विचार केला आणि म्हणाली, "तू भरून दिलास म्हणजे आता हा तुझा झाला. मग मीही रिकामा परत देऊ शकत नाही."

अशी ती भानगड सुरू झाली. वाडगा खाली गेला की दोन दिवसांत वर यायचा, वर आला की खाली जायचा. तिच्याकडून पाव, सफरचंदाचा मुरंबा, दुधातला भात. आमच्याकडून पोहे, बटाट्याची भाजी, कधी वरणभात वर तूप घालून. तिखट तिला चालायचं नाही, मेतकूट मात्र चालायचं. थांबायचं कुणी, हा प्रश्न होता. थांबेल त्याच्याकडे वाडगा रिकामा पडून राहणार आणि ते दोघींना मंजूर नव्हतं.

"यार, या वाडग्याला कुणी तरी रिटायर करा," श्रीकांत म्हणायचा आणि मुरंबा चाटायचा.

दिवसभर मी लायब्ररीच्या तळघरात यंत्रासमोर बसून असायची. यंत्राचा पंखा घोंघावायचा, फिल्मला व्हिनेगरसारखा वास यायचा. पडद्यावरून गावंच्या गावं सरकायची. मदत समितीवर कोण कोण, कढई कुठून आणली, पेज किती पातळ करायची. धान्य कोरडं द्यायचं नाही, शिजवूनच द्यायचं, म्हणजे कुणी विकणार नाही. पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याने आधी जमीन सोडायची, मग हात पसरायचा. आणि घरात राहून भागत नसेल तर गरिबांसाठी बांधलेल्या मोठ्या दगडी इमारतीत जायचं, तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. तिकडचे लोक त्या इमारतीला नुसतं 'घर' म्हणायचे. तिथे जायचं तर स्वतःचं घर सोडून जावं लागे. मी हे सगळं शांतपणे वाचायची. परक्या घरचा हिशेब वाचल्यासारखं.

एकदा चहा पिताना नोराबाईने मला विचारलं, तू इतकं कशाचं शिकतेस? मी उत्साहाने सगळं सांगितलं. समित्या, कढया, पेज, सगळं. तिने उठून कप धुतला आणि "उद्या पाऊस दिसतोय" एवढंच म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस वाडगा वर आला नाही.

"तुला तुर्कस्तानचा इतिहास घ्यायला काय झालं होतं?" श्रीकांत म्हणाला.

शेवटी मीच खाली गेले. माफी कशाची मागायची हेही मला नीट कळत नव्हतं, म्हणून मी भलतंच बोलले. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होते. रेशनवर मिलो मिळायचा, लाल ज्वारी. ती अमेरिकेतूनच यायची. तिच्या भाकरीला जीव नसायचा, थापताना तुटायची आणि तव्यावर विटेच्या रंगाची व्हायची. दारात कुणी आलं की आई भाकरीच्या टोपल्यावर फडकं ओढायची. शेजारच्या काकूंकडे गेलं की त्याही फडकं ओढायच्या. सगळ्या आळीत तीच भाकरी होती आणि सगळ्या आळीत फडकी होती.

नोराबाई हसली. त्या हसण्याने मला किती बरं वाटलं ते आजही आठवतं. मग ती आपल्या आजीबद्दल बोलली.

आजी तेव्हा लहान होती. गावात पेज वाटायचे, घंटा वाजायची, आपापलं भांडं घेऊन रांगेत उभं राहायचं. आजीची आई झाकणाचा डबा शालीखाली धरायची आणि रस्त्याने न जाता टेकडीला वळसा घालून लांबच्या वाटेने जायची, गावाने पाहू नये म्हणून. "गंमत अशी," नोराबाई म्हणाली, "की सगळेच लांबच्या वाटेने जायचे. रस्ता ओसाड आणि टेकडीमागे ही गर्दी. कुणी कुणाकडे बघायचं नाही. आजी म्हणायची, लोक भुकेने वाकले नव्हते, मान खाली घालून वाकले होते."

दुसऱ्या दिवशी वाडगा वर आला, पावासकट.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात नोराबाईचे हात गेले. सांधे सुजले, बोटं वाकडी झाली, किटली उचलली की चोच कपाच्या काठावर वाजायची. रेडिएटर पहाटे खोकायला लागायचा, मागच्या जिन्यावर बर्फ साचायचा, श्रीकांत तो खरवडून मीठ टाकायचा, आणि त्या मिठाळ पायऱ्यांवरून वाडगा येत-जात राहिला. फक्त त्यातलं बदलत गेलं. अख्ख्या पावाचा अर्धा झाला. मग दुकानातली बिस्किटं आली. मग एक कच्चा बटाटा. मग कागदाच्या पुडीत चहाची चिमूट. माझ्याकडून जाताना मात्र तो शिगोशीग भरलेला असायचा, वर ताटली झाकलेली. दोघींनाही काय चाललंय ते पक्कं ठाऊक होतं.

तिचा भाचा डेनिस रविवारी यायचा. पन्नाशीचा, जाडजूड, भिडस्त माणूस. नेहमी पुढच्या दाराने यायचा आणि जाताना बूट बराच वेळ पुसत उभा राहायचा. चर्चची माणसं एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण पोचवायची. त्याने मावशीचं नाव द्यायचं म्हटलं. नोराबाईने त्याला साफ उडवून लावलं.

"दारात गाडी उभी राहणार. माणूस डबा घेऊन उतरणार. सगळी गल्ली बघणार."

"सगळी गल्ली घेते गं तो डबा," डेनिस म्हणाला.

"मग त्यांनी घ्यावा."

डेनिसचंही चुकत नव्हतं. तिचं वजन उतरलंय, ती गॅस उघडा ठेवून झोपली तर काय, असं त्याला वाटायचं. मावशी स्वतःचं स्वतः करू शकत नसेल तर तिला काउंटीच्या, म्हणजे सरकारी, वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, असं त्याने एकदा मला पुढच्या पायऱ्यांवर सांगितलं. तिथे स्वच्छ आहे, गरम आहे, नर्स आहे. ते बघायला काउंटीची बाई येणार होती. नोराबाईला ते कळलं तेव्हा तिने मला एकच विचारलं, "ते मला 'घरात' नेणार का गं?" आणि मला तळघरातली ती सगळी फिल्म एकदम आठवली. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले.

काउंटीची बाई फेब्रुवारीत आली. ओल्या बुटांची, दमलेली, वागायला बरी. डेनिसने मलाही खाली बोलावून घेतलं होतं. बाईने कोटाची बटणं न काढताच विचारलं, "तुमचं जेवण कोण करतं?"

"आधी बसा," नोराबाई म्हणाली. "चहा होऊ दे."

बाई काही म्हणणार होती, पण बसली. माझ्या मते तिच्याही आजीने तिला चहा नाकारू नये असं शिकवलं असावं. नोराबाईने ठेवणीतल्या कपबशा काढल्या, पांढऱ्या, सोनेरी रेघेच्या. नळाखाली किटली अर्धीच भरली. मी उठायला लागले, तिने माझ्याकडे पाहिलं, मी पुन्हा बसले. डेनिस आपल्या बुटांकडे बघत होता. पाणी उकळायला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

मग तिने ओतायला घेतलं. किटलीची चोच कपांवर टकटक वाजू लागली. चहा कपात पडला आणि तितकाच बशीत. सगळ्यांच्याच बशा भरल्या. काउंटीच्या बाईने बशी पाहिली, मग नोराबाईचे हात पाहिले.

मी विचार करून काही केलं नाही. समोर बशीत चहा दिसला, बस्स. मी कपातला उरलेलाही बशीत ओतला, दोन्ही हातांनी बशी उचलली, फुंकर घातली आणि चहा फुर्रकन ओढला. नगरला माझे वडील रोज असाच प्यायचे, शाळेची घंटा व्हायच्या आत निवावा म्हणून.

"आमच्याकडे असाच पितात," मी म्हटलं. ते खरंच होतं.

डेनिसने मान वर केली. "आजोबापण असाच प्यायचे," तो म्हणाला आणि घाईघाईने त्याने आपली बशी तोंडाला लावली. नोराबाई बसली, तिने कोपरं टेबलावर टेकवून बशी धरली, आणि आम्ही तिघं ओळीने फुर्र फुर्र करू लागलो. बाईने इकडेतिकडे पाहिलं. मग तिनेही बशी उचलली. तिला जमलं नाही, हनुवटीवर ओघळ आला, आणि ती हसली.

नंतर तिने विचारून फ्रिज उघडला. आत अंडी, लोणी, दूध आणि वाडग्यात वरणभात.

"हे कुणाचं?"

"वाडगा माझा," नोराबाई म्हणाली.

"आतलं माझं," मी म्हटलं. "उद्या वाडगा वर येईल तेव्हा आतलं त्यांचं असेल."

"म्हणजे तुम्ही यांना जेवण पुरवता?"

नोराबाईने बशी टेबलावर ठेवली.

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. त्यांच्याकडेही देत नाहीत."

"दोन वर्षं हेच चाललंय यांचं," डेनिस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मी पहिल्यांदा अभिमान ऐकला.

बाईने फ्रिज लावला. हनुवटी पुसली. "ठीक चाललंय म्हणायचं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पुन्हा येऊन जाईन."

पुढचं दार लागल्यावर नोराबाईने टेबलावर सांडलेला चहा पुसला. मग म्हणाली, "तुमच्याकडे खरंच असा पितात?" मी मान डोलावली. "रानटी आहात," ती म्हणाली आणि तिने माझा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी वाडगा वर आला. त्यात साखरेचे खडे होते.

तिला उन्हाळा बघायला मिळाला नाही. बर्फ वितळून मागच्या अंगणात चिखलाचा आणि कुजक्या पानांचा वास सुटला होता, जिन्याखाली कसलीशी हिरवी टोकं वर आली होती. वाडगा आमच्याकडे होता. मी त्यात शिरा भरला होता आणि ताटली शोधत होते, तेवढ्यात जिना वाजला. ओळखीची पायरी ओळखीच्या पावलाने वाजली नाही. दार उघडलं तर डेनिस. तो कधी मागच्या जिन्याने आलेला नव्हता. ती आपल्याच अंथरुणात, आपल्याच घरात, झोपेत गेली होती.

मी शिरा बशीत काढून त्याला दिला. दुसरं काय द्यावं ते सुचलं नाही. त्याने पायरीवर बसून सगळा शिरा खाल्ला. श्रीकांत त्याच्या शेजारी बसून राहिला. वाडगा मी डेनिसपुढे धरला तर त्याने मान हलवली. "राहू दे. वरच होता ना, वरच राहू दे."

थीसिस झाला, श्रीकांतला नोकरी लागली, आम्ही शिकागो सोडलं. गेल्या वर्षी श्रीकांतही गेला. वाडगा प्रत्येक घरात माझ्याबरोबर आला. त्यात कधी लसूण ठेवला, कधी किल्ल्या, कधी केतकीचे रबरबँड. रिकामा कधी ठेवला नाही. पाळी माझी होती आणि परत कुणाला द्यायचा ते मला कळत नव्हतं.

तर या खेपेला डेव्हनवर मी पेढे घेतले, गाडीतच वाडग्यात भरले आणि केतकीला गल्ली सांगितली. घर तेच. मागचा जिना नवा आहे, पक्का, न वाजणारा. खालच्या बिऱ्हाडाचं मागचं दार मी वाजवलं. कडेवर मूल घेतलेल्या एका तरुण मुलीने उघडलं. मी सांगितलं की फार वर्षांपूर्वी मी इथे वरती राहत होते, खाली माझी एक मैत्रीण होती, हे तुमच्यासाठी. तिने शंका घेतली नाही. किती छान, म्हणाली. वाडगा घेऊन आत गेली. नळाचा आवाज आला. नोराबाईच्या नळाचा, त्याच जागेवरून. मी आणि केतकी जिन्यापाशी थांबलो.

ती परत आली. वाडगा धुतलेला, पुसून कोरडा केलेला. "थँक यू सो मच," ती म्हणाली आणि तिने तो माझ्या हातात दिला. हलका, लख्ख आणि रिकामा.

डेनिस जिना चढून आला होता त्या दिवशी मी रडले नव्हते. आता गाडीपर्यंतही रडू आवरेना.

"आई, व्हॉट हॅपन्ड?" केतकी घाबरली. "शी वॉज सो नाइस!"

"हो गं," मी म्हटलं. "धुऊनसुद्धा दिला."